माशांची घडवंची

“करवतीनं कापला म्हनं तिनं. नवऱ्याचा पलंग!”

“मंग काय दातानं कापंल व्हय?”

विहिरीवरच्या बायका खळखळून हसल्या. मी रहाटापाशी कळशी धरून उभी होते. मला पाहून त्या जरा थबकल्या. मग मी काही बोलत नाही हे त्यांना आठवलं आणि गप्पा पुन्हा सुरू झाल्या. न बोलणाऱ्या माणसासमोर लोक काहीही बोलतात. हिंगोलीबद्दल मला जे कळलं, ते बहुतेक अशा उभ्या उभ्याच कळलं.

“दीर येऊन राहिला म्हनं गोरेगावचा. भावकीतलं म्हातारं मानूस घेऊन.”

“काहून?”

“डोकं फिरलं म्हनतो वैनीचं. गोरेगावला नेतो म्हनतो, सांभाळायला.”

“अन् घर?”

“घराला काय वं, सरकीची पोती भरंल त्यो. त्याच्यासाठीच तर हे सारं.”

गोरेगाव म्हणजे हिंगोलीहून बैलगाडीच्या वाटेवरचं गाव, आणि ज्यांच्याबद्दल हे चाललं होतं त्या आमच्या घरमालकीण. त्यांना मी मावशी म्हणत असे. म्हणजे मनातल्या मनात म्हणत असे. तोंडाने म्हणायची वेळ फार उशिरा आली.

माझे वडील हिंगोली स्टेशनावर मालबाबू होते. लढाई सुरू होती, बदल्या कशाही होत होत्या, आणि आम्हाला रेल्वेचं घर मिळालं नाही, म्हणून मावशींच्या दोन खोल्या भाड्याने घेतल्या. मी तोवर सिकंदराबादला मामांकडे राहून मिशनच्या शाळेत शिकले होते. मॅट्रिक झाल्यावर मला घरी आणलं. माझं मराठी घरातलं, थोडं आखडलेलं, आणि हिंगोलीतलं मराठी मोकळं, ऐसपैस. बायका मला बघायला येत आणि म्हणत, “बोल ना वं इंग्रजी. थोडंसं.” पोपटाला म्हणावं तसं. मी दोन-तीनदा बोलले. त्या हसल्या. वाईट हेतू नव्हता, पण मी बोलायचं थांबवलं ते थांबवलंच. एकदा मला बघायला परभणीचे पाहुणे आले होते. त्यांच्यातल्या एका बाईंनी आईला बाजूला घेऊन विचारलं, “मुकी तर न्हाई ना?” आई रडली. मावशींना कळलं तेव्हा त्या आईला म्हणाल्या, “रडता काय? समद्या घरात बोलनारेच. ऐकनारं बी कोनी पायजे का न्हाई?”

आम्ही राहायला आलो त्याच दिवशी त्यांनी बाबांची शाई सांडली.

आमचं सामान लागत होतं. मावशी दारात आल्या. उंच, काटक, पन्नाशीच्या आसपासची बाई. अंबाड्यात सुताराची चपटी पेन्सिल खोचलेली. नमस्कार नाही, चौकशी नाही. सरळ बाबांच्या टेबलाजवळ गेल्या आणि दोन बोटांनी टेबल हलवून पाहिलं. ते हललं नाही. त्यांचा संशय वाढला. खाली वाकून पाहिलं तर एका पायाखाली वर्तमानपत्राची घडी. त्यांनी ती ओढून काढली. टेबल कलंडलं, दौत आडवी झाली, आणि बाबांच्या धोतरावर निळा नकाशा उमटला.

“पाचर!” मावशी घडी हातात उंच धरून म्हणाल्या. जणू घरात विंचू सापडला होता. “मालबाबू, पाचर लावून बसता? माझ्या घरात?”

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या रंधा, करवत आणि एक पाण्याची परात घेऊन आल्या. परात टेबलावर ठेवली, पाणी काठोकाठ भरलं, आणि कुठल्या बाजूने ते काठावरून येतं ते बघत बसल्या. मग टेबल उलटं केलं आणि एकेक पाय चिमूटभर तासला. अर्धी सकाळ गेली. बाबा स्टेशनावर उशिरा पोचले. पण त्यानंतर ते टेबल असं उभं राहिलं की वर चढून नाचलं तरी हलू नये.

पुढे महिन्याभराने बाबांनी उजेडासाठी ते खिडकीकडे सरकवलं, तर ते पुन्हा डगमगायला लागलं. बाबांनी तक्रार केली. मावशी कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

“हलवलं काहून?”

“म्हणजे?”

“म्या त्या जागंचं माप घेतलं व्हतं. तुमी त्याला दुसऱ्या जागी नेलं. आता ते काय करंल बिचारं?”

हीच त्यांची पद्धत होती. काटकोन बघायचा गुण्या, फूटपट्टी, सगळं त्यांच्यापाशी होतं, पण वस्तू सरळ आहे की नाही हे त्या गुण्याला विचारत नसत. ती जिथे उभी राहणार, त्या जमिनीला विचारत. गावातले सुतार यावर हसत. सुताराने करायचं ते सगळीकडे उभं राहील असं करावं, असं त्यांचं म्हणणं. आणि ते बरोबरही असेल. पण मावशींच्या घरात चालताना मला नेहमी वाटे की इथली प्रत्येक वस्तू आपापल्या जागी पाय रोवून बसलेली आहे. तसं मला दुसऱ्या कुठल्याच घरात वाटलं नाही.

हे काम त्या शिकल्या माहेरी, आखाडा बाळापूरला. त्यांच्या लहानपणी घराचं काम निघालं होतं आणि सुतार दारातच मुक्कामाला होता. बाकीच्या मुली भातुकली खेळत, या त्याच्याजवळ बसून लाकडाच्या ढलप्या गोळा करीत. पुढे लग्न होऊन हिंगोलीला आल्या, आणि नवरा गेल्यावर, करायला काही उरलं नाही तेव्हा, एक दिवस त्यांनी हत्यारं मागवली. लोकांनी कपाळाला हात लावला. बाई माणसाने करवत धरणं हे काहीतरी अशुभच. मावशींना त्याचं काही नव्हतं. अंगठ्यावर हातोडी बसली की त्या ज्या शिव्या देत, त्या मी इथे लिहू शकत नाही, आणि सिकंदराबादच्या शाळेत तर मला त्या माहीतही नव्हत्या.

कुठल्याही घरी गेल्या की बसण्याआधी त्या पाट, बाज, खुर्ची हलवून बघत. एकदा शेजारी एक म्हातारे वारले. मावशी सांत्वनाला गेल्या. घरातल्या बायका रडत होत्या, आणि या बाजेखाली हात घालून चौकटीच्या गाता चाचपत होत्या. शेवटी त्या घरच्या सुनेच्या कानात म्हणाल्या, “हुंदका आवर अन् जराशी उठ. सांधा निघून राहिला.” बाज नीट झाली. रडणंही थोडं थांबलं.

तर तो पलंग.

त्यांच्या यजमानांचा पलंग सागवानी होता, कातीव खुरांचा. यजमान गेल्यापासून आतल्या खोलीत तसाच उभा. विधवा बाईने पलंगावर निजायचं नाही म्हणून मावशी खाली घोंगडीवर निजत, आणि पलंगावर गोधड्यांचा ढीग. आईने एकदा भीतभीत विचारलं, की खरंच का हो तुम्ही तो कापणार. मावशी म्हणाल्या, “म्या त्याच्यावर निजायचं न्हाई. दुसऱ्या कोनाला देयाचा न्हाई. विकायचा बी न्हाई. मंग त्यानं काय करावं बाई? उभं राहून राहून त्यो बी कटाळला असंल.”

आणि तो कापायचा कशासाठी, तर माशांसाठी.

स्टेशनजवळच्या जिनिंग फॅक्टरीचा मॅनेजर बदलून चालला होता. जाताना बंगल्यातलं सामान लोकांना वाटत होता. कुणी खुर्च्या नेल्या, कुणी दिवे. एक लोखंडी चौकटीची काचेची मोठी पेटी तशीच पडून होती, कारण तिचं काय करायचं हे कुणालाच कळत नव्हतं. तिच्याखालचं लाकडी स्टँड वाळवीने खाल्लं होतं. मावशी तिथे कशाला गेल्या होत्या कोण जाणे; पण ती पेटी त्यांनी आधी एकदा पाण्याने भरलेली, मासे असलेली पाहिली होती, आणि ती त्यांच्या डोक्यातून गेली नव्हती. बैलगाडीत गवत टाकून, वर स्वतः पेटीला मिठी मारून बसून, त्यांनी ती घरी आणली.

त्या संध्याकाळी मी ओसरीच्या खांबाआड उभी होते. त्यांनी मला पाहिलं.

“इंग्रजीत काय म्हंतात याला?”

मी खांबाआडूनच म्हटलं, “अक्वेरियम.”

मी त्यांच्याशी बोललेला हा पहिला शब्द.

“एवढं लांब? तेवढं म्हनेपतुर मासा मरंल.” मग पेटीच्या काचेवर हात फिरवत म्हणाल्या, “तुला सांगू का पोरी, म्या आजवर पानी वरूनच पाह्यलं. विहिरीतलं, घागरीतलं, कयाधू नदीचं. मासा पाह्यला तो बी पाठीकडून. त्याचं तोंड कसं असतं, त्यो समोरून कसा दिसतो, म्हाईतच न्हाई. त्या बंगल्यात पानी उभं व्हतं. उभं! म्या तोंडाला तोंड लावून पाह्यलं, तेवढ्यात चपराशानं हाकललं.”

एवढंच कारण. माशाचं तोंड समोरून बघायचं होतं, आणि निवांत बघायचं होतं, कुणी हाकलणार नाही अशा जागी.

पाण्याने भरलेली ती पेटी फार जड होणार होती. तिला घडवंची हवी, मावशी म्हणाल्या. आपण पाण्याचे हंडे-घागरी ठेवतो तशी, पण तिच्याहून थोराड. आणि तेवढं जुनं, मुरलेलं लाकूड घरात एकाच ठिकाणी होतं. पलंग ओसरीवर आणला त्या दिवशी त्यांनी त्याच्या खुराला हात लावून कपाळाला लावला, मग पदर खोचला आणि करवत घेतली. करवतीचा पहिला आवाज झाला तेव्हा मला धस्स झालं. त्यांना झालं की नाही ते सांगता येत नाही. त्यांची पाठ माझ्याकडे होती.

पहिल्या दिवशीच त्यांनी मला मदतीला ओढलं. आधी विचारून पाहिलं, “बोलत काहून न्हाईस? दात हायेत ना?” मी खाली बघितलं. त्यानंतर त्यांनी मला कधीही बोल म्हटलं नाही. फक्त म्हणत, “धर.” मी धरायची. लाकडाचं एक टोक त्यांच्या पायाखाली, दुसरं माझ्या हातात. “दाब.” मी दाबायची. “सोड.” सोडायची. असं दिवस दिवस चाले. कुणी माझ्याकडून वाक्याची वाट बघत नव्हतं. मला काम येतंय की नाही एवढंच बघत होतं.

खिळा त्या लावत नसत. पाण्याजवळ खिळा गंजतो, एकदा गंजला की लाकूडही खातो. म्हणून एका लाकडाला खाच पाडायची, दुसऱ्याला तिच्या मापाची जीभ काढायची, तिला त्या कूस म्हणत, आणि कूस खाचेत ठोकून बसवायची. कूस सैल झाली तर त्या ती फेकून देत आणि नवी करत. सरस लावून भागेल असं शेजारच्या चाचांनी सुचवलं तर त्यांच्याशी दोन दिवस बोलल्या नाहीत.

हे चाचा कल्हई करायचे. आमच्या भिंतीला लागून त्यांचं घर. पेटीच्या लोखंडी चौकटीतून पाणी झिरपत होतं, म्हणून जवसाचं तेल आणि खडूची पूड मळून केलेल्या लुकणाने फटी बुजवायचं काम मावशींनी त्यांच्यावर सोपवलं होतं. घडवंची तयार झाल्यावर पेटी ठेवण्याआधी ती वजन पेलते का ते बघायचं होतं.

“चाचा, बसा हिच्यावर.”

“मैं? मैं क्या मच्छी हूँ, भाबी?”

“मासा हलका असतो. तुमी बसा.”

चाचा बसले. मग मावशींनी आईला बसवलं. मग ज्वारीचं पोतं आणून त्या दोघांच्या मध्ये घातलं. आई लाजून लाल झाली होती, चाचा पोत्याकडे तोंड करून “अस्तगफिरुल्ला” म्हणत तोबा करीत होते, आणि मावशी खाली पालथ्या पडून सांध्यांना कान लावत होत्या. घडवंची कुरकुरली नाही.

पण ती डुलत होती. ओसरीचा कोपरा, जिथे ती राहणार होती, तिथली एक फरशी वर आलेली होती. बाहेरच्या लिंबाची मुळी तिच्याखाली शिरली होती. बाबांनी आणि चाचांनी दोघांनीही सांगितलं, मुळी तोडा, फरशी बसवा. किंवा घडवंची दुसरीकडे ठेवा. मावशींनी दोन्हींना नकार दिला. त्याच कोपऱ्यात सकाळचं कोवळं ऊन येतं आणि दुपारचं येत नाही, आणि लिंब कुणी लावला हे त्यांच्या सासऱ्यांनाही माहीत नव्हतं.

“त्यो माझ्या आधी आलेला हाये,” त्या म्हणाल्या. “आपुन मागून आलो. आपुन सरकायचं.”

त्यांनी पेन्सिलने त्या एका पायावर रेघ मारली आणि करवत माझ्या हातात दिली. “तू काप. मला रेघ दोन दिसून राहिल्या.” मला वाटत नाही त्यांना रेघ दोन दिसत होत्या. मी कापलं. रेघ सोडली नाही. पाय त्या फरशीवर बसला. वर परात ठेवली, काठोकाठ भरली, आणि पाणी सगळीकडून काठाला लागून थांबलं. मावशींनी कापलेला तुकडा उचलून माझ्या ओंजळीत ठेवला. तो अजून माझ्याजवळ आहे.

मासे आले ते बऱ्याच नंतर, दीर येऊन गेल्यावर, चाचांनी कयाधूवरून एका डब्यात आणलेले, बोटभर लांबीचे, रंगाने अगदी साधे. मावशी पेटीसमोर फतकल मारून बसल्या, नाक काचेला लावलं, आणि कितीतरी वेळ हलल्या नाहीत. एक मासा समोर येऊन थांबला.

“अगं, याला भुवया न्हाईत!” त्या ओरडल्या. “म्हनून तर असा चकित दिसतो.” मग म्हणाल्या, “बघ बघ, सारखा बोलून राहिला. आवाज न्हाई. पयले तू व्हतीस तसा.”

आता मासे येण्याआधी जे झालं ते सांगते. दीर आले तो दिवस.

त्याआधी एक गोष्ट सांगायला हवी. एवढ्या बोलक्या मावशी एका माणसासमोर एक शब्द बोलत नसत: त्यांचे चुलत सासरे. गोरेगावचे, भावकीतले सगळ्यांत वडील. सुनेने सासऱ्यासमोर बोलायचं नाही, हे वय झालं तरी सुटलं नव्हतं. एरवी कुणाचीही भीड न ठेवणाऱ्या मावशींनी ही एक रीत का पाळावी, मला कळलं नाही. मी विचारलंही नाही. पूर्वी एकदा ते आले होते तेव्हा मावशी चाचांवर ओरडत होत्या. दारात काठीचा आवाज झाला आणि त्यांचं वाक्य मधेच तुटलं. पदर कपाळाखाली आला, त्या खांबाआड गेल्या, आणि नंतरचं सगळं आईमार्फत झालं. “त्यांना म्हनावं पानी घ्या.” “त्यांना म्हनावं, भाकर झाली.” सासरेही तसंच, “सूनबाईला म्हणा.”

तर त्या दिवशी आई शेजारणींबरोबर नरसीला दर्शनाला गेली होती. बाबा स्टेशनावर. चाचांनी लावलेलं जवसाचं लुकण वाळलं होतं, म्हणून पेटी अंगणात धुवायला काढली होती, आणि घडवंची कोपऱ्यात रिकामी उभी होती. बैलगाडी थांबली. दीर उतरले आणि मागून काठी टेकत ते म्हातारे सासरे. मावशी तेव्हा मोठ्याने काहीतरी गात काच पुसत होत्या. त्यांनी पाहिलं, आणि पदर ओढून खांबामागे गेल्या. एका क्षणात ती उंच बाई अर्धी झाली.

दीर वाईट दिसायला नव्हते. हसतमुख, गुटगुटीत. मला पाहून म्हणाले, “ही मालबाबूची मुकी पोरगी व्हय?” मग आत जाऊन रिकामी खोली पाहिली, जिथे पलंग होता, आणि बाहेर येऊन मोठा उसासा टाकला.

“काका, दादाचा पलंग. आईनं लग्नात करून घेतलेला. वैनीनं फाडला. अन् काय केलं म्हनता? हे.”

त्यांनी घडवंची दोन्ही हातांनी उचलली, ओसरीवरून खाली नेली आणि तुळशीपाशी सपाट दगडी कट्ट्यावर ठेवली. मग एक बोट लावलं.

टक. टक. टक.

एक पाय हवेत, मग दुसरा. घडवंची डुलत राहिली. दीर हसले नाहीत. उलट त्यांचा चेहरा दुःखी झाला, आणि तेच जास्त वाईट होतं.

“बघा. चार पाय बी बराबर न्हाईत. दिवसभर करवत घिऊन बसते, पेन्सिल डोक्यात, अन् माशासाठी म्हनं! मासे खात बी न्हाई आपल्या घरात कोनी. लोक हसून राहिले, काका. आज पलंग कापला, उद्या दार कापंल. तिला गोरेगावला नेतो मी. दोन घास खाईल, देवाचं नाव घेईल. घर मी बघतो.”

म्हाताऱ्यांनी काठीने घडवंचीला स्पर्श केला. टक. त्यांनी मान हलवली. मग खांबाच्या दिशेने, पण खांबाकडे न बघता, विचारलं, “सूनबाईच्या वतीनं कोन बोलनार हाये?”

चाचा भिंतीवरून बघत होते, ते आत आले. “मैं बोलूँ क्या, बडे मियाँ?”

“चाचा, तुमी घरचे न्हाईत,” दीर म्हणाले. तेही हसूनच.

मी मावशींकडे पाहिलं. पदराखाली फक्त हनुवटी दिसत होती, आणि पदर धरलेला हात, ज्याच्या अंगठ्याचं नख हातोडीने काळं झालेलं. मग, सासऱ्यांना ऐकू जाणार नाही एवढ्या हळू, त्यांनी मला म्हटलं, “धर.”

मी कट्ट्यापाशी गेले आणि घडवंचीचं एक टोक धरलं. चाचांनी काही न विचारता दुसरं धरलं. आम्ही ती ओसरीवर आणली, कोपऱ्यात नेली. चाचांनी ती उलट्या दिशेने ठेवली होती, मी फिरवली. तोकडा पाय वर आलेल्या फरशीवर बसला. मी आतून परात आणली, घडवंचीवर ठेवली आणि कळशीने काठोकाठ भरली.

पाणी थांबलं. सगळीकडून काठाला लागून.

म्हातारे ओसरी चढून आले. काठीने ढकललं. मग हाताने. मग दोन्ही हात टेकून, चाचांसारखे, जवळजवळ बसलेच. पाणी फक्त शहारलं, सांडलं नाही. त्यांनी वाकून पाण्याच्या रेघेला डोळा लावला, मग खालच्या त्या फरशीकडे पाहिलं, मग बाहेर लिंबाकडे.

“बराबर हाये,” ते म्हणाले. “डोकं फिरल्यालं मानूस असं करीत न्हाई.”

मला वाटलं, संपलं. पण दीर क्षणभरही अडले नाहीत. “मंग आनंद हाये की! घडवंची बी नेऊ गाडीत. गोरेगावला ठेवू. जागा मोप हाये. तिथं पाळा म्हनावं मासे.”

आणि म्हातारे विचारात पडले. ते भले माणूस होते, म्हणूनच विचारात पडले. “हे बी खरं हाये,” ते सावकाश म्हणाले. “इथं एकटी बाई. तिथं मानसं हायेत.” त्यांनी खांबाकडे पाठ करून मान डोलावली. दीर गाडीतलं गवत सारखं करायला वळले. खांबामागून पेन्सिल फरशीवर पडल्याचा आवाज आला, आणि ती उचलायला कुणी वाकलं नाही.

माझ्या डोक्यात वाक्यं आधी इंग्रजीत येतात. ती मराठीत येईपर्यंत समोरचा माणूस निघून गेलेला असतो. मी परातीचा काठ धरून उभी होते, बोटं ओली होती, आणि त्या वेळी इंग्रजीतलं काहीच आलं नाही. मी म्हटलं:

“आजोबा, ही गोरेगावला नीट उभी राहणार नाही. हिचा एक पाय या फरशीच्या मापाने कापलाय. मी कापलाय. घडवंची इथेच राहील, आणि मावशीही इथेच राहतील. मी रोज इथे असते. मावशी एकट्या नाहीत.”